नव्या जातीचे वर्णन मराठीतही छापावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जीवाश्म सागरी गोगलगायीच्या एका नव्या जातीविषयी आपल्या दैनिकात नुकतीच छापून आलेली बातमी मी दोनदा वाचली. संशोधक उन्हातान्हात किती हिंडले, त्यांना किती वर्षे लागली आणि या शोधाने आपली मान कशी उंचावली, हे सारे तीत होते. हा प्राणी दिसतो कसा आणि आपल्या जवळच्या नातलगांहून तो वेगळा आहे हे कशावरून ठरवले, एवढेच काय ते नव्हते. छायाचित्र तीन स्तंभ रुंद होते, मात्र त्याखालची मोजपट्टी मांडणीत कापली गेली होती. ते पाहून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारले, "हा देवघरात ठेवायचा शंख का हो?" तो मोहरीच्या दाण्याएवढा आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी अंक पुन्हा हातात घेतला, चष्मा लावून सगळी बातमी खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "मग तसं लिहायला नको का?" काकूंचा प्रश्न रास्त वाटला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी संशोधक नाही. भूशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षे साहाय्यक म्हणून नोकरी केली. इतरांच्या प्रबंधांसाठी कच्छहून आलेली माती भिजवणे, चाळणे, वाळवणे आणि तीतून शंखशिंपले वेचून काढणे हे माझे काम होते. त्यामुळे या विषयाची पोथी मला फारशी पाठ नसली, तरी त्यातली धूळ बरीच ओळखीची आहे.

आधी शब्दांविषयी. बातमीत 'नवी प्रजाती सापडली' असे म्हटले होते. आमच्या वेळच्या मराठी शास्त्रीय लेखनात स्पीशीज या अर्थी 'जाती' आणि जीनस या अर्थी 'प्रजाती' असा भेद पाळला जात असे. हिंदीच्या संगतीने तो अलीकडे पुसट झाला आहे आणि तो पुन्हा ठळक व्हावा असे मला वाटते, कारण नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक सबंध गट, स्थापणे हे नवी जाती स्थापण्याहून बरेच मोठे पाऊल असते. दुसरा शब्द 'सापडली'. शंख सापडतो, जाती सापडत नाही. शंख कुणालाही सापडू शकतो आणि वीस वर्षे कुणाच्या तरी खणात निनावी पडून राहू शकतो. त्याचे वर्णन लिहून, आजवर वर्णिलेल्या सगळ्या जवळच्या जातींशी त्याची तुलना करून ते छापले, म्हणजे मग नवी जाती प्रस्थापित होते. त्यामुळे अशा बातमीचा गाभा म्हणजे ते वर्णनच आणि बातमीत नेमकी त्याचीच जागा रिकामी होती.

कच्छच्या अबडासा आणि लखपत तालुक्यांत, खारी नदीच्या काठांवर आणि छसरा गावाच्या आसपास, मायोसीन काळाच्या आरंभीचे, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे सागरी थर उघडे पडलेले आहेत. तिथल्या मोठ्या शंखांची नोंद फार जुनी आहे. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छमध्ये गोळा केलेल्या जीवाश्मांची वर्णने निसर्गअभ्यासक सॉवरबी यांनी १८४० साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली, आणि वायव्य भारताच्या या थरांतील मृदुकाय प्राण्यांवरचे, म्हणजे शंखशिंपल्यांच्या वर्गावरचे, भूवैज्ञानिक व्रेडेनबर्ग यांचे मोठे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९२५ ते १९२८ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापले. मात्र ही मंडळी चालता चालता डोळ्यांना दिसेल ते उचलत असत. मळसूत्रासारखा लांबट टरिटेला नावाचा शंख पायाखालीच येतो. दोन मिलिमीटरचा शंख उभ्या माणसाला दिसत नाही, वाकलेल्याला क्वचित दिसतो. आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्यासमोर शाळेच्या सहलीच सहली उभ्या राहतात आणि त्यात गैर काही नाही. पण समुद्रातल्या शंखधारी प्राण्यांच्या जाती मोजायला बसले, तर पारडे लहानांच्या बाजूने झुकते. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या एका खाजणात फ्रेंच संशोधकांनी चिकाटीने केलेल्या संकलनात मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती मिळाल्या. त्यांचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश जाती पूर्ण वाढ होऊनही चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान राहणाऱ्या होत्या. आजच्या समुद्राची ही स्थिती असेल, तर दोन कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील लहान जाती बव्हंशी अजून पोत्यातल्या मातीतच आहेत असे समजायला हरकत नाही.

ही माती चाळण्यात विद्वत्ता लागत नाही, सावकाशी लागते. ओली चिकणमाती तशीच पाण्यात टाकली तर लगदा होतो आणि काम बिघडते. आधी ती उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग पाणी घालायचे, म्हणजे ढेकूळ आपोआप सुटते. मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर नळाची बारीक धार सोडून गाळ जाऊ द्यायचा. वर जे उरते ते पुन्हा वाळवून, काळ्या तबकात चिमूट चिमूट पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. एका चिमटीत वाळूचे कण असतात, शिंपल्यांचे तुकडे असतात, फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांची टिंबे असतात आणि एखाद्या वेळी अखंड शंख असतो. तो पाण्यात बुडवलेल्या सगळ्यात बारीक कुंचल्याच्या टोकाने उचलायचा असतो, चिमट्याने नव्हे. चिमटा दाबला की शंख फुटतो आणि फुटला नाही तर उडतो. माझ्या हातून एकदा असा उडाला आहे. त्या सबंध पोत्यातला तो तसा एकच होता. प्रबंध लिहिणारी मुलगी आणि मी, दोघांनी गुडघ्यांवर बसून फरशी झाडली, तो केर त्याच चाळणीतून चाळला आणि तबकात घालून पाहिला. त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या पोह्यांची मोहरी सापडली, शंख सापडला नाही.

सगळ्याच खडकांत ही सोय नसते. बहुतेक सागरी गोगलगायींचा शंख अरॅगोनाइटचा असतो आणि ते खनिज पाण्यात कॅल्साइट या चुन्याच्याच दुसऱ्या खनिजापेक्षा लवकर विरघळते. सच्छिद्र चुनखडीत म्हणूनच पुष्कळदा शंख नाहीसा होऊन आतला साचा तेवढा उरतो, आणि त्याच थरातले कॅल्साइटचे कालव मात्र शाबूत असतात. साच्यावर वरची नक्षी नसते आणि नक्षीवाचून जाती ठरवणे म्हणजे पाठमोऱ्या माणसाचे नाव सांगण्यासारखे आहे. चिकणमाती पाणी सहसा आत येऊ देत नाही, त्यामुळे तिच्यात शंखाच्या पृष्ठावरची केसाएवढी रेघही टिकून राहते.

आता वर्णनाकडे येतो. लहान शंख हातात आला की पहिली शंका अशी घ्यायची, की हे मोठ्या जातीचे पिल्लू तर नव्हे? पोटातून कुणीच मोठे येत नाही आणि पिल्लांना नव्या जाती ठरवून बसण्याची चूक थोरामोठ्यांकडूनही झालेली आहे. याचे उत्तर शंखाच्या दोन टोकांवर लिहिलेले असते. मुखाचा बाहेरचा ओठ जाड झाला असेल, तर पुष्कळ कुळांत वाढ संपल्याची ती खूण असते. दुसऱ्या टोकाला, अगदी शिखरावर, प्रोटोकाँक असतो. मराठीत आम्ही त्याला गर्भशंख म्हणत असू. अंड्यात आणि डिंभावस्थेत, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अळीच्या अवस्थेत, तयार झालेले हे पहिले काही वेढे प्राणी मोठा झाला तरी शेंड्यावर तसेच राहतात. ते बारीक आणि पुष्कळ असतील तर डिंभ बराच काळ पाण्यात तरंगत खात-पीत वाढलेला असतो. फुगीर आणि मोजके असतील तर अंड्यातल्या बलकावर पोसून तो तळाशीच उतरलेला असतो. पहिल्या तऱ्हेची जाती प्रवाहांबरोबर दूरवर पसरू शकते, दुसरीला ते अवघड जाते, म्हणून एखादी जाती कच्छपुरतीच असेल की दूर अरबस्तानच्या किनाऱ्याकडेही मिळेल याचा पहिला अंदाज या शेंड्यावरून बांधता येतो. दोन कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचे बालपण पाव मिलिमीटरच्या त्या शेंड्यावर वाचता येते, याचे मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत नवल वाटत असे. पिरॅमिडेलिडी नावाच्या कुळात तर गर्भशंख उलटा वळलेला असतो आणि पुढचा शंख त्याच्याशी काटकोनाच्या आसपास कोन करून सुलट वळतो. शेंडा मोडला असेल तर तेवढ्यासाठी सबंध नमुना बाजूला ठेवावा लागतो.

उलट-सुलट म्हटल्यावर काकूंच्या देवघरातल्या शंखाकडे परत जावे लागते. पूजेतला 'दक्षिणावर्ती', म्हणजे उजवा, शंख दुर्मिळ आणि म्हणून मोलाचा मानतात. प्राणिशास्त्रात नेमका तोच डावा ठरतो. यात कुणाचीच चूक नाही. शास्त्रज्ञ शेंडा वर आणि मुख आपल्याकडे करून शंख धरतात व मुख उजव्या हाताला आले तर त्याला उजवा म्हणतात. पूजेत तो शेंडा खाली करून धरला जातो, त्यामुळे डावे-उजवे फिरते. ट्रायफोरिडी कुळातले बारीक शंख बहुतेक सगळे शास्त्रीय अर्थाने डावे असतात. आता मराठी बातमीत केवळ 'डावा शंख' किंवा 'वामावर्ती शंख' असे छापले, तर निम्मे वाचक उलटे चित्र डोळ्यांपुढे आणतील. शंख कसा धरला आहे ते चार शब्दांत आधी सांगितले की प्रश्न मिटतो. मराठीत शास्त्रीय वर्णन होऊ शकत नाही असे जे म्हणतात, त्यांची अडचण पुष्कळदा शब्दांच्या दारिद्र्याची नसून अशा एखाद्या न सांगितलेल्या गोष्टीची असते.

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तेव्हापासून नव्या जातीच्या लेखकाला होलोटाइप, म्हणजे जातीचे नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो एक नमुना (किंवा त्याऐवजी अशा मूळ नमुन्यांचा संच), स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या गावच्या कोणत्या संग्रहात आहे हे सांगावे लागते. नाव रोमन लिपीतच लिहावे लागते. आमच्या 'कच्छ'चे स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होते, तेव्हा लेखकाने पहिल्याने जे छापले तेच सहसा चिकटून बसते. परंतु वर्णन अमुकच भाषेत हवे अशी सक्ती संहितेत नाही. उलट १३ बी या शिफारशीत असे सुचवले आहे, की जातीची लक्षणे प्राणिशास्त्रात सर्वत्र चालणाऱ्या भाषांत द्यावीत आणि त्या जातीशी ज्या प्रदेशांचा संबंध आहे तिथल्या भाषांतही द्यावीत. कच्छी आणि गुजरातीचा मान अर्थातच पहिला. पण बडोद्यात बसून कच्छच्या मातीवर काम करणाऱ्यांत मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आपले दैनिक वाचणारी तर आहेतच. वर्णन छापून येण्याआधीच नाव वर्तमानपत्रात झळकले, तर ते वर्णनावाचूनचे उघडे नाव होते आणि पुढे घोटाळा करते, हेही आपल्या वार्ताहरांना माहीत असावे. या पत्रात मी एकाही नव्या नावाचा उच्चार करत नाही तो याच कारणाने.

मराठीत लक्षणे लिहिली तर ती कशी दिसतील, याचा नमुना देतो. माझ्या मेजावर रिसोइना प्रजातीतला वाटावा असा एक शंख आहे. तो नवा आहे असा माझा मुळीच दावा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी असे लिहिले आहे: "शेंडा वर धरून पाहता शंख उजवा, उंच शंक्वाकृती, भक्कम, उंची ३.२ मिलिमीटर, रुंदी १.३ मिलिमीटर. गर्भशंख गुळगुळीत, अडीच वेढ्यांचा, त्याची सीमा स्पष्ट. पुढील वेढे पाच, किंचित फुगीर, त्यांमधील सांधा उथळ. वेढ्यांवर गोल माथ्याच्या, थोड्या तिरप्या उभ्या कडा. शेवटून दुसऱ्या वेढ्यावर त्या अठरा. कडांमधील खोबणींत केसासारख्या आडव्या रेघा. मुख तिरपे, अर्धचंद्राकृती. बाहेरचा ओठ जाड." हे काकूंना वाचून दाखवले. त्यांनी 'सीमा स्पष्ट' म्हणजे काय एवढेच विचारले. मी सांगितले की गुळगुळीत भाग संपून कडा जिथे सुरू होतात ती रेघ. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे चकलीचा काटा जिथून सुरू होतो तिथून." उपमा शास्त्रीय नाही, पण मला तरी याहून बरी सुचली नाही.

बडोद्याला हे नवे नाही. कलाभवन ही इथली धंदेशिक्षणाची संस्था १८९० साली सुरू झाली ती त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने आणि धंदेशिक्षण मातृभाषेतून देता येते या विश्वासावर. पुढे १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला आणि राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांपुढे मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले गेले. कचेरीतल्या कागदाला जे साधले ते शंखाच्या सांध्याला आणि ओठाला साधू नये, असे मला वाटत नाही. मात्र प्रत्येक शब्द संस्कृतातून घडवून आणण्याचा आग्रहही मला पटत नाही. होलोटाइपला होलोटाइप म्हणावे आणि वेढ्याला वेढा.

आणखी एक गोष्ट, जी बातमीत कधीच येत नाही. होलोटाइप कुठे आहे हे छापले, तर त्यावर चार डोळे राहतात. एका जातीचा मूळ नमुना पाहायला मी आमच्या साहेबांबरोबर एकदा एका संस्थेत गेलो होतो. संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कपाटाची किल्ली शोधण्यात अर्धा दिवस गेला. पेटीत चिठ्ठी होती, चिठ्ठीवरचे अक्षर सुवाच्य होते, कापूस होता, आणि कापसावर पिठासारखी पांढरी भुकटी होती. लाकडी कपाटातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा आणि पावसाळ्याची ओल एकत्र आली की शंख असा खाल्ला जातो. मोठ्या शंखाचे नुसते पृष्ठ जाते, दोन मिलिमीटरचा सबंध जातो. दोन कोटी वर्षे चिकणमातीने जे सांभाळले ते आमच्या कपाटाने थोड्याच वर्षांत संपवले. साहेब काही बोलले नाहीत, चिठ्ठीवरचा क्रमांक त्यांनी वहीत उतरून घेतला आणि आम्ही परतलो. नमुना काचेच्या किंवा निर्धोक प्लास्टिकच्या कुपीत, लाकडापासून आणि कापसापासून दूर ठेवावा, एवढाच यावरचा उपाय आहे आणि तो महाग नाही.

तेव्हा माझी विनंती मोठी नाही. यापुढे अशी बातमी छापताना संशोधकांकडून जातीची लक्षणे पाच-सहा वाक्यांत मराठीत मागून घ्यावीत. ही जाती कोणत्या जुन्या जातीच्या सर्वांत जवळची आणि तिच्याहून कशी वेगळी, हे एका वाक्यात विचारावे. एकूण किती नमुने मिळाले ते विचारावे, कारण एका नमुन्यावर उभी केलेली जाती आणि दोनशे नमुन्यांवर उभी केलेली जाती यांत फरक आहे. आणि होलोटाइप कोणत्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे ते छापावे. मुलाखतीतील अभिमानाची दोन वाक्ये कमी केली तर एवढी जागा सहज निघेल. मराठी शब्द अडल्यास जुन्या वहीतली माझी यादी मी आपल्या कचेरीत आणून देईन. आणि छायाचित्र कितीही रुंद लावले तरी त्याखालची मोजपट्टी मात्र कापू नये.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
दांडिया बाजार, बडोदे